रिकाम्या जागेचा धनी

अमेरिकेतल्या विमा कंपन्या एक पॉलिसी विकतात. तिचं नाव मराठीत आणायचं तर 'मोकळ्या जमिनीचा दायित्व-विमा' असं काहीतरी होईल. घर नाही, गोठा नाही, पीक नाही, नुसती जमीन, तिचा विमा. आपल्याकडे कुणी रिकाम्या प्लॉटचा विमा काढला असं सांगितलं तर ऐकणारा आधी हसेल. जमीन जळत नाही, पावसात भिजून खराब होत नाही, चोरीलाही जात नाही (कागदोपत्री जाते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय). मग विमा कशाचा?

विमा जमिनीचा नाहीच. त्या जमिनीवर येऊन कुणी जुन्या खड्ड्यात पडलं, वठलेल्या झाडाची फांदी कुणाच्या डोक्यात पडली, तळ्यात कुणाचं पोर बुडालं, आणि त्या माणसानं किंवा त्याच्या घरच्यांनी मालकाला कोर्टात खेचलं, तर वकिलाचा खर्च आणि भरपाईची रक्कम कंपनी देईल, एवढाच त्याचा अर्थ. तिथल्या घरविम्याच्या प्रचलित मसुद्यातही विमेदाराच्या मालकीची रिकामी जमीन, शेतजमीन वगळून, या संरक्षणात धरलेली असते. ज्यांचं तेवढ्यावर भागत नाही ते वेगळी पॉलिसी घेतात. हप्ता बांधलेल्या मालमत्तेच्या मानानं कमीच असतो, कारण रिकाम्या जागेत सहसा काही घडत नाही.

या 'सहसा'वर हा सगळा धंदा उभा आहे, आणि मला ज्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे तोही तिथंच आहे. ज्यानं आपल्या जमिनीवर काहीच केलं नाही, तो तिथं जे घडतं त्याला किती बांधील? आणि ती बांधिलकी वर्षाकाठी हप्ता भरून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते का?

कॅन्सस राज्यात आयोला नावाचं गाव आहे. गावाच्या कडेला युनायटेड झिंक नावाच्या कंपनीची वीसेक एकर जमीन होती आणि तिच्यावर गंधकाम्ल आणि जस्त तयार करण्याचा कारखाना होता. १९१० साली कंपनीनं कारखाना पाडला, पण तळघराचा खड्डा तसाच ठेवला. खड्ड्यात पाणी साचत गेलं. दिसायला नितळ, पण त्यात गंधकाम्ल आणि जस्ताचे क्षार उतरलेले. १९१६च्या जुलैमध्ये एक फिरस्तं कुटुंब तिथून काही अंतरावर मुक्कामाला होतं. त्यांची आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं त्या जमिनीवर आली, पाण्यात उतरली, आणि विषबाधेनं गेली. आईबापांनी दावा लावला. ज्युरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला, वरच्या कोर्टानं तो उचलून धरला, आणि १९२२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

निकाल लिहिला ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दुसऱ्याच्या जमिनीवर जाण्याचा हक्क मोठ्यांना नाही, तसा मुलांनाही नाही. मालकानं मुलांना भुरळ पाडील असं काही उघड्यावर ठेवलं असेल तर ते आमंत्रण दिल्यासारखं होतं. इथं मात्र ते पाणी रस्त्यावरून दिसत होतं की नाही याचीच शंका. ते पाहून मुलं आत वळली असा पुरावा नाही, तेव्हा आमंत्रण नाही, म्हणून जबाबदारीही नाही. यातला भुरळ पाडण्याचा विचार जुना होता. नेब्रास्कातल्या एका सहा वर्षांच्या मुलाचा पाय रेल्वे कंपनीच्या उघड्या टर्नटेबलमध्ये, म्हणजे इंजिन फिरवायच्या चक्रात, चिरडला, तेव्हा १८७३ साली त्याच न्यायालयानं मुलाच्या बाजूनं निकाल दिला होता आणि भुरळीचं तत्त्व पुढे त्यातूनच वाढलं. होम्स यांनी ते उलटं वळवलं. भुरळ पडली हे दाखवा, नाहीतर घरी जा. तीन न्यायाधीशांनी असहमती नोंदवली. त्यांत एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष आणि त्या वेळचे सरन्यायाधीश टाफ्टही होते.

निकालातली भाषा स्वच्छ आहे, तर्क पक्का आहे, आणि तरी तो वाचून झाल्यावर काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. माझ्या मते निसटलं ते हे: होम्स मुलं जमिनीवर कशी आली हे बारकाईनं विचारतात, पण विष तिथं कसं आलं हे विचारत नाहीत. जणू ती जमीन सृष्टीच्या आरंभापासून तशीच होती आणि मुलं वाट चुकून तिच्यात शिरली. प्रत्यक्षात तो खड्डा कंपनीनं खणला होता, ते आम्ल कंपनीचं होतं, आणि कारखान्यापासून जे मिळवायचं ते मिळवून ती निघून गेली होती. सहा वर्षं तो खड्डा उघडा होता.

'मोकळी' किंवा 'पडीक' हा शब्द म्हणूनच जपून वापरायला हवा. त्यात दोन वेगळ्या जमिनी एकत्र होतात. एक, जिला माणसाचा हात लागलेला नाही. दुसरी, जिच्यावरून हात काढून घेतला आहे. आपला सातबारा याबाबतीत अधिक प्रामाणिक म्हणायचा. त्यात लागवडीलायक नसलेलं क्षेत्र 'पोटखराब' म्हणून वेगळं दाखवतात, आणि त्यातही खडक-नाले-खाणीनं वाया गेलेली जमीन एका वर्गात आणि रस्त्यासारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेली दुसऱ्या वर्गात धरतात. म्हणजे सरकारी कागदालाही ठाऊक आहे की जी जमीन पिकत नाही ती सगळी एकाच कारणानं पिकत नाही असं नाही. शहरातल्या बिनशेती प्लॉटला मात्र असा रकानाच नाही. तो पडून आहे कारण भाव वाढायचा आहे.

इथं जरा मूळ मुद्द्याकडे जाऊ. जमीन कुणाची असते? मनुस्मृतीत एक जुनं मत नोंदवलेलं आहे: शेत त्याचं, ज्यानं पहिल्यांदा झाडोरा तोडून ते साफ केलं. हजारो मैलांवरून आणि कितीतरी शतकांनी जॉन लॉक जवळपास तेच सांगतो. आपलं शरीर आपलं, त्याचे कष्ट आपले, आणि ते कष्ट ज्या जमिनीत मिसळले ती आपली. लॉक पुढे जाऊन असंही म्हणतो की कुंपण घातलं, पण आतलं गवत जागच्या जागी कुजलं, फळं सडून गेली, तर ती जमीन पडीकच समजावी आणि दुसऱ्या कुणी घ्यावी. (हीच मांडणी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी 'पडीक' ठरवून बळकावायला कामी आली, हे विसरून चालणार नाही. 'पडीक' कोण ठरवतो यावर सगळं असतं. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यानं डोंगर आणि गायरानं गिळल्याची जी तक्रार केली आहे ती याच जातीची.)

मनू आणि लॉक, दोघांच्याही हिशेबात रिकाम्या प्लॉटचा मालक बसत नाही. त्यानं झाडोरा तोडला नाही, कष्ट मिसळले नाहीत. त्याची मालकी कागदाची आहे. मी ती खोटी म्हणत नाही. आपण सगळे अशाच कागदांवर जगतो. पण या मालकीचं एक वैशिष्ट्य आहे. पलीकडून रस्ता जातो, शाळा निघते, नळ येतो, मेट्रोचं स्टेशन जाहीर होतं, आणि प्लॉटची किंमत दुप्पट होते. मालकानं यातलं काहीही केलेलं नसतं. हेन्री जॉर्जनं १८७९ साली याच गोष्टीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि अशा वाढीवर समाजाचा हक्क आहे असं मांडलं. त्याचा कर कुणी पूर्णपणे लागू केला नाही, ते असो. मला त्याच्या निरीक्षणातून एवढंच उचलायचं आहे की काहीच न करणं हाही एक कमावता उद्योग असू शकतो. मग त्याच प्लॉटवरच्या पाइपच्या खड्ड्यात एखादं मूल पडलं आणि मालक म्हणाला की मी तिथं काहीच केलं नाही, तर ते वाक्य ऐकताना कानाला खटकतं. काही न केल्याचा नफा त्यानं घेतलेला असतो. तोटा मात्र तेच कारण पुढे करून तो परत पाठवतो.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न एका वेगळ्या वाटेनं सुटत गेला. १९२९ साली स्कॉटलंडमधल्या एका कोळसाखाणीच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सनं कडक नियम घालून दिला होता. चार वर्षांचं मूल खाणीच्या मैदानावर खेळताना ओढयंत्राच्या चाकात सापडून मेलं. मुलं तिथं नेहमी येतात हे कंपनीला ठाऊक होतं, ती त्यांना हाकलतही असे. तरीही मूल आगंतुक होतं, म्हणून कंपनी मोकळी सुटली. मुद्दाम इजा करू नये, यापलीकडे आगंतुकाचं देणं लागत नाही, असा तो नियम. तो त्रेचाळीस वर्षं टिकला. १९६५ साली लंडनजवळ मिचम इथं रेल्वेच्या कडेचं कुंपण मोडलेलं होतं, लोक त्यातून आडवाटेनं जात, रुळांवर मुलं दिसल्याचं स्टेशनमास्तरच्या कानावर घातलेलं होतं, आणि सहा वर्षांचा एक मुलगा त्यातून आत जाऊन विजेच्या रुळावर भाजला. १९७२ साली त्याच सभागृहानं जुना नियम मोडीत काढला. त्यांनी वापरलेली कल्पना होती साधी माणुसकी. आगंतुकाला पाहुण्याइतकं जपायला नको, पण माणुसकी असलेला माणूस हे ठाऊक असताना जे करील तेवढं तरी करायला हवं.

या निकालात एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. माणुसकीचं हे माप प्रत्येक मालकासाठी सारखं नव्हतं. त्याला खरोखर काय माहीत होतं, त्याच्या हाताशी काय साधनं होती, हे पाहायचं. रेल्वेला कुंपण दुरुस्त करणं सहज शक्य होतं. एखाद्या विधवेला आपल्या पडक्या वाड्याची भिंत बांधून घेणं शक्य नसेल. कायद्यात असं माणूस पाहून माप लावणं अडचणीचं ठरतं, आणि पुढे संसदेनं १९८४ साली कायदा करून ते बरंचसं सरळ केलं. पण नीती म्हणून मला ते माप अजूनही योग्य वाटतं. शिवाय विम्याबद्दलची एक अडचण त्यातून लख्ख दिसते. विमा मालकाची ऐपत वाढवतो, पण फक्त भरून देण्याची. अपघात टाळण्याची ऐपत त्यानं तसूभरही वाढत नाही. कुंपणातलं भगदाड हप्ता भरल्यानं बुजत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे हा प्रश्न कोर्टाच्या दारात क्वचित पोचतो, टीव्हीवर मात्र पोचतो. २००६ साली हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला आणि दोन दिवस सगळा देश पडद्याला डोळे लावून बसला. तो वाचला. त्यानंतर अशा छिद्रांत पडलेली कितीतरी मुलं वाचली नाहीत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं बोअरबद्दल सूचना घालून दिल्या: खणण्याआधी पंधरा दिवस लेखी कळवा, फलक लावा, काटेरी कुंपण घाला, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करा, तोंडावर लोखंडी झाकण जोडून घ्या, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून काढा.

सूचनांत खोट काढण्यासारखं काही नाही. पण बोअर उघडी का राहते ते पाहा. शेतकरी कर्ज काढून बोअर मारतो. दोनशे फूट, तीनशे फूट, पाणी लागत नाही. मशीनवाला पैसे घेऊन निघून जातो. जमिनीत उतरवलेला केसिंग पाइप महागाचा असतो, तो पुढच्या बोअरला वापरता येईल म्हणून उपसून काढला जातो. पाइप गेला की मागे राहतं ते वीतभर तोंडाचं, शेकडो फूट खोल छिद्र. त्यावर गोणपाट टाकतात, दगड ठेवतात, पावसात गोणपाट कुजतं. हा मालक आयोलाच्या कंपनीसारखा नफा घेऊन गेलेला नाही. तो हरून गेलेला आहे. माणुसकीचं ते जुनं माप लावलं तर दोघांना एकाच तागडीत घालता येत नाही. तरी त्या छिद्रात पडलेल्या मुलाच्या आईला या फरकानं काय मिळणार? आणि छिद्र भरायला लागते माती, तीही त्याच शेतातली. ऐपत नाही हे कारण कुठवर ताणायचं, यावर मी अजून ठाम नाही. बहुधा माती टाकण्यापर्यंत नाही.

आगंतुक कोण असतो, याबद्दलही आपला अनुभव इंग्लंड-अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. तिथल्या निकालांत तो बहुतेकदा खेळणारं मूल असतो, शिकारी असतो, जोरात मोटारसायकल उडवणारा तरुण असतो. आपल्याकडे तो बव्हंशी गरजेनं आलेला असतो. जवळची वाट, सरपण, बकरीला चारा, आणि अजूनही अनेक ठिकाणी आडोसा. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर बिहारमधला एक खटला आला होता. शेजारच्या घरच्या शौचकूपाची भिंत पडली, म्हणून त्या घरातली माणसं एका माणसाचं शौचकूप वापरू लागली. त्यानं विरोध केला, बजावलं, आणि मग वाटेवर विजेची उघडी तार लावली. तिला हात लागून शेजारची एक बाई मेली. ती परवानगीशिवाय आली होती, हा त्याचा बचाव. न्यायालयानं तो मानला नाही. विनापरवाना आत आल्यामुळे कुणी कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, आणि जीव जाईल हे माहीत असताना असं काही जमिनीवर मांडून ठेवणं हे स्वतः मारण्यासारखंच आहे, अशा आशयाचा तो निकाल होता. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम झाली. कुठल्याही पॉलिसीनं हे भरून दिलं नसतं. जाणूनबुजून केलेल्या इजेला विमा नसतो. विम्याचा प्रांत सुरू होतो तो याच्या अलीकडे, जिथं मालक तार लावत नाही, फक्त पाहायला जात नाही.

आमच्या घरात हा विषय पुस्तकी नाही. यवतमाळ जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे. सातबाऱ्यावर पाच चुलतभावांची नावं, आणि पाचातला एकही तिथं राहत नाही. मी हैदराबादला, एक न्यू जर्सीला, बाकीचे नागपूर-पुण्याला. जमिनीत मोटेच्या काळातली एक विहीर आहे. कठडा एका बाजूनं ढासळला आहे, पण पाणी उन्हाळ्यातही टिकतं. शेजारच्या वस्तीतल्या बायका तिथं धुणं धुतात, मेंढपाळ मेंढ्या पाजतात. या विहिरीचं काय करायचं हे आमच्या फोनवरच्या बैठकीत दर दिवाळीला निघतं. न्यू जर्सीचा धाकटा म्हणतो, "दादा, लायबिलिटीची पॉलिसी घेऊन टाका, विषय संपला." नागपूरचे मोठे दादा तारेच्या कुंपणाचा भाव सांगतात. एकजण म्हणतो बुजवा. आणि काकू, ज्यांचं सातबाऱ्यावर नाव नाही पण ज्यांच्या शब्दाला वजन आहे, त्या म्हणतात, "पाणी असलेली विहीर बुजवत नसतात रे."

चौघांच्याही बोलण्यात एकेक नीतिशास्त्र आहे. कुंपणाचंच पाहा. भारतीय सुविधाधिकार कायद्यानं, १८८२च्या, वीस वर्षं उघडपणे, हक्कानं आणि अखंड वापरलेली वाट हा हक्क होऊन बसतो. दादांच्या कुंपणामागे ही भीती आहे: आज पाणी भरू दिलं तर उद्या वहिवाट सांगतील. अमेरिकेत तेच कुंपण दुसऱ्या भीतीनं घातलं जातं: आज येऊ दिलं तर उद्या दावा ठोकतील. जुन्या इंग्लिश नियमांत, ज्यांच्या तत्त्वांवर आपली कोर्टंही चालत आली, बोलावलेल्याला सर्वांत जास्त जपायचं, नुसती मुभा दिलेल्याला कमी, आणि न विचारता आलेल्याला सर्वांत कमी. म्हणजे त्या बायकांना मी 'या, भरा पाणी' म्हटलं की माझी जबाबदारी वाढते, आणि हाकलून दिलं की कमी होते. सज्जनपणाला दंड करणारा याहून सोपा नियम सांगता येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली या तीन पायऱ्या मोडल्या. त्याआधीच, १९६३ साली, तिथल्या विधिमंडळानं दुसऱ्या टोकानं हात घातला होता: जो मालक पैसे न घेता लोकांना आपल्या जमिनीवर फिरू देईल, त्याच्यावर, दुष्ट बुद्धीनं केलेल्या गोष्टी सोडून, जबाबदारीच नाही. असे कायदे पुढे अमेरिकाभर झाले. नॉर्वेत १९५७च्या कायद्यानं मोकळ्या रानात हिंडण्याचा लोकांचा हक्कच लिहून ठेवला. तिथं हिंडणारा आपल्या पायांची काळजी बरीचशी आपणच घेतो. कुंपणाबाहेर उभ्या राहिलेल्या बाईला मात्र तार कुठल्या भीतीची आहे यानं फरक पडत नाही. घागर रिकामीच.

मग धाकट्याचं म्हणणं, विम्याचं. दायित्वाचा विमा निघू लागला तेव्हा त्यावर नीतीच्या अंगानं बरीच टीका झाली. आपल्याच हलगर्जीपणाचा विमा काढायचा म्हणजे हलगर्जीपणाचा परवाना विकत घ्यायचा, असा आक्षेप होता. तरी १८८० साली इंग्लंडात मालकांना कामगारांच्या अपघातांसाठी जबाबदार धरणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी तसा विमा विकणारी कंपनीही निघाली. आज आपण रस्त्यावर गाडी काढतो ती 'थर्ड पार्टी' काढल्याशिवाय नाही, आणि त्यात कुणाला अनीती दिसत नाही. उलट विमा नसलेला गाडीवाला बेजबाबदार ठरतो. भोपाळनंतर, १९९१ साली, आपल्या संसदेनं घातक पदार्थ हाताळणाऱ्यांवर सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा केला. चूक कुणाची हे न विचारता मदत द्यायची, ही त्यातली कल्पना उत्तम होती. मृत्यूसाठी त्या वेळी ठरवलेली रक्कम होती २५,००० रुपये, आणि तिच्याबद्दल तसं म्हणता येत नाही. पण त्या कायद्यानं एक गोष्ट स्पष्ट केली. हप्ता मालक भरत असला तरी असा विमा खरा काढलेला असतो तो परक्यासाठी. या अर्थानं धाकट्याचं बरोबर आहे. विहिरीत पडून कुणाचा पाय मोडला तर आमच्या पाचजणांच्या पश्चात्तापानं दवाखान्याचं बिल भागणार नाही. पैशानं भागेल. पश्चात्ताप श्रेष्ठ आणि पैसा हलका, असं म्हणणारे बहुधा बिल भरावं न लागलेले असतात.

शिवाय पॉलिसी घेताना एक गंमत होते. कंपनी विचारते: जमिनीवर तळं आहे का? जुनी विहीर, खाण, पडकं बांधकाम? लोक ये-जा करतात का? शिकार करतात का? कितीतरी मालकांना ही उत्तरं द्यायला आपली जमीन पहिल्यांदा पायी फिरावी लागत असेल. कर्तव्यबुद्धीनं जे झालं नसतं ते अर्जातल्या रकान्यानं होतं. मला हे हिणकस वाटत नाही.

मला खुपतं ते पुढचं. अशा पॉलिसींत बहुतेक एक अट असते: अपघात झाल्यास विमेदारानं कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नये, स्वतःहून काही देऊ नये, देण्याचं वचनही देऊ नये. व्यवहार म्हणून अट समजण्यासारखी आहे. पैसे कंपनीचे जाणार, तेव्हा तोंड तिनं सांभाळायचं. पण याचा अर्थ काय होतो? आमच्या विहिरीत त्या वस्तीतलं एखादं मूल गेलं, तर आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कुणीतरी त्या घरी जाऊन बसलं पाहिजे. काही बोलायचं नसतं. ओसरीवर बसायचं, पाणी दिलं तर घ्यायचं. निघताना मात्र एक वाक्य तोंडून येतंच: आमचंच चुकलं, कठडा बांधायला हवा होता. ते वाक्य अटीत बसत नाही. वकील सांगेल, जाऊच नका.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञानं १९७६ साली एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं होतं. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. रस्त्यावर पाहणाऱ्या सगळ्यांनाच वाईट वाटतं, पण चालकाला जे वाटतं ते त्याहून वेगळं असतं, आणि तसं वाटलं नाही तर आपल्याला तो माणूसच विचित्र वाटेल. त्याच्या हातून घडलं, हे त्याला कुठल्याच युक्तिवादानं पुसता येत नाही. रिकाम्या जागेच्या मालकाच्या हातून तर काही घडलेलंच नसतं. तो शेकडो मैलांवर असतो. तरी फोन येतो तेव्हा पलीकडचा माणूस 'तुमच्या विहिरीत' म्हणतो, आणि तो 'तुमच्या' पोटात जाऊन बसतो. ती कर्त्याची हळहळ नव्हे. तिला धन्याची हळहळ म्हणता येईल, आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुणालाही तिच्यातून सूट नाही. विमा तिची रक्कम फेडू शकतो. पण ती बोलून दाखवायला तो मनाई करतो, म्हणजे फेडीबरोबर त्यानं आणखी काहीतरी विकत घेतलेलं असतं, जे आम्ही विकायला काढलेलं नव्हतं.

अमेरिकेतच याची जाणीव झाली, हे नमूद करायला हवं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९८६ साली कायदा केला की अपघातात सापडलेल्याजवळ किंवा त्याच्या घरच्यांजवळ व्यक्त केलेली सहानुभूती कोर्टात जबाबदारीचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. नंतर इतर अनेक राज्यांनी असे कायदे केले. पण त्यांतल्या बऱ्याच कायद्यांत 'मला वाईट वाटतं' याला संरक्षण आहे, 'माझं चुकलं' याला नाही. दोन वाक्यांमधली ही रेघ विधिमंडळात बसून नीट आखता येत असेल. ओसरीवर बसलेल्या माणसाला ती पाळता येईल का, हे मी धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, "दादा, मग तुम्ही बोलू नका, काकूंना पाठवा. त्यांचं नाव पॉलिसीवर नसेल."

काकू गेल्याच असत्या, पॉलिसी असो वा नसो. तूर्त आम्ही कठड्याचा अंदाज मागवला आहे. गवंडी म्हणतो, दगड तिथलाच पडलेला आहे, तो वापरला तर खर्च मजुरीचाच. धुण्यासाठी एका बाजूला उतरती पायरी ठेवायची की नाही, यावर पाचजणांचं अजून ठरत नाही.